माहेरचं गवत, सासरचं पाणी

दसरा होऊन चार-पाच दिवस गेले की आमच्या कॉलनीच्या बागेत गवत कापायचं यंत्र येतं. पेट्रोलवरचं. ते खांद्याला अडकवून एक माणूस बागभर घुंघुं करत फिरतो. तासाभरात बागेची हजामत होते आणि कापलेलं गवत काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत जातं. कचऱ्याच्या! आमच्या आबांनी हे बघितलं असतं तर त्यांनी गाडी अडवून पिशव्या उतरवून घेतल्या असत्या आणि त्या माणसाला विचारलं असतं, "बाबा, तुझ्या घरी जनावर न्हाई, ठीक हाय. पर आक्कल बी न्हाई का?"

मी आबांची मुलगी असले तरी सांगलीची सून आहे. मी गाडी अडवत नाही. गेटशी उभी राहून नुसता वास घेते. असल्या वासांनी लोकांचे म्हणे डोळे भरून येतात. मला राग येतो. ताज्या कापलेल्या गवताचा वास नाकात गेला की माझं डोकं जे तापतं, ते फराळाचं तळण संपेपर्यंत तापलेलंच राहतं. आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की यात गवताचा काही दोष नाही, मला निमित्त लागतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्यांची मतं मी ऐकते, पण विचारात घेत नाही.

माझं माहेर वडूजच्या पलीकडे, माळावर. पिढ्यान्पिढ्या मेंढरं राखणारी आम्ही माणसं. शेती आमच्या आज्यापासूनची. तिकडचा ओढा येरळेला मिळतो, येरळा पुढे ब्रह्मनाळपाशी कृष्णेला मिळते आणि कृष्णा येते सांगलीला, म्हणजे माझ्या सासरी. थोडक्यात, माझ्या माहेरच्या माळावर पडलेल्या पावसानं मनात आणलं, तर तो माझ्या सासरच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहू शकतो. लग्न जमवताना पत्रिकेत हे कुणी पाहिलं नव्हतं.

आणि एका पावसाळ्यात पाणी आलं. घरात शिरलं, खालच्या मजल्यावर भिंतीला रेघ ओढून गेलं. गाळ उपसता उपसता मी ह्यांना म्हणाले, "बघा, यात आमच्या माळाचीही माती असेल."

"तुमच्या येरळेची?" हे फावडं टेकून हसायलाच लागले. "अगं, तुमच्या येरळेत म्हैस बसली तर धूळ उडते. हा पूर कोयनेकडचा. उगाच माहेरचं कौतुक नको."

बरोबर आहे त्यांचं. पूर येतो तो पश्चिमेकडच्या डोंगरांतून, तिथल्या पावसातून आणि धरणांतून. आमच्या दुष्काळी माळाचा त्यातला वाटा चिमूटभर. पण मला माहेरचा चिमूटभर अपमानही सहन होत नाही आणि माहेरचा चिमूटभर गाढवपणाही. राग दोन्हीचा येतो, आणि यंदा तर दुसऱ्याचा जास्त आला. कारण बापूचा फोन.

बापू माझा धाकटा भाऊ. गावाकडची शेती तोच बघतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोनं द्यायच्या निमित्तानं त्यानं फोन केला आणि दोन मिनिटांत मुद्द्यावर आला. "आक्का, कुरणाचा जो शेवटचा पट्टा राह्यलाय न्हवं, त्येच्यावर शेततळं काढतोय. आबांच्या माघारी तुझं बी नाव लागलंय सातबाऱ्याला. तवा तुझी सही लागंल. शनवारी ये."

मी म्हटलं, "कुरणावर शेततळं?"

"व्हय. उंचावर हाय. आपुआप उतारानं पाणी डाळिंबाला येतंय."

"आणि गवत?"

बापू हसला. "आक्का, गवत कोन खातंय आता?"

हा प्रश्न त्यानं मला विचारला होता. मी दोन वेळा पोळी खाणारी बाई. उत्तर सुचलं रात्री, आणि मग झोप गेली.

कुरण म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. आमच्या भावकीची गावाच्या वर एक लांबोडी टेकडी होती. तिच्यावर मृगापासून दसऱ्यापर्यंत कुणाचंही जनावर चढायचं नाही, असा नेम. मेंढरं खालून माना वर करून बघायची. पावसाळाभर गवत वाढायचं: पवन्या, मारवेल, कुसळी. भाद्रपदात टेकडीवर वारा आला की सगळी टेकडी एका अंगावर कलायची आणि परत सरळ व्हायची. आणि दसऱ्यानंतरचा पहिला रविवार आला की कुरण मोकळं व्हायचं.

त्या रविवारची सकाळ मला अजून अंगावर जाणवते. गवत दवानं इतकं ओलं, की परकर गुडघ्यापर्यंत चिंब. औंधच्या बाजारातून आणलेले नवे विळे. टेकडीवर दगड रचून पट्टे पाडलेले, घरटी एक. कुठला पट्टा कुणाचा हे ठरवायची रीत अशी: एका म्हाताऱ्याचं मुंडासं पसरायचं, प्रत्येक घरानं आपली एक खूण त्यात टाकायची. कुणाची सुपारी, कुणाचं बटण, कुणाचा काचेचा तुकडा. आमच्या घराची खूण म्हणजे लोकरीचा गोळा. मग मुंडासं घुसळून एकेक खूण काढायची आणि एकेका पट्ट्यावर ठेवायची. मारवेलीचा पट्टा निघाला की बायका हसायच्या, कुसळीचा निघाला की मुंडासंवाल्याचा उद्धार व्हायचा. आमच्या घरच्या गोळ्याला बहुधा कुसळीच आवडायची. आमची नानी, म्हणजे धाकटी चुलती, दरवर्षी ठामपणे सांगायची, की मुंडाशातला हात सुपारीवाल्यांना फितूर आहे.

दिवसभर कापणी. पेंढ्या बांधायच्या त्याही गवताच्याच पिळानं. संध्याकाळी घरी आलं की परकराच्या घेरातली कुसळं काढत बसायचं, आणि चार दिवसांनी शाळेत बाकावर बसल्यावर एखादं राहिलेलं कुसळ अचूक जागी टोचायचं. गुरुजी म्हणायचे, "काय गं, का उठलीस? उत्तर येतंय का?" उत्तर कधीच येत नसायचं.

या सगळ्यात पाण्याबद्दल कुणी एक अवाक्षर बोलायचं नाही. म्हणजे, 'पाणलोट' हा शब्द मी पहिल्यांदा सांगलीत ऐकला, तोही लग्नानंतर. माळावर शब्द नव्हता, झरा होता. कुरणाच्या पायथ्याला, ओढ्याच्या कडेला, एका कपारीतून तो यायचा आणि दगडी डोणीत पडायचा. डोण म्हणजे मेंढरांनी प्यावं म्हणून छिन्नीनं कोरलेला लांबट दगड. पाऊस कितीही कोसळला तरी कुरणावरून पाणी धावत खाली आलेलं मला आठवत नाही. ते गवतात शिरायचं आणि दिसेनासं व्हायचं. आणि मग गुढीपाडवा उलटला, आजूबाजूच्या विहिरींत पोहरे खडकाला आपटायला लागले, तरी आमच्या डोणीत टपटप चालू असायची. कुरणानं चार महिने प्यायलेलं आठ महिने पुरवून पुरवून दिलेलं. आम्हाला वाटायचं, झरा बिरोबानं दिलाय. देवाचं असलं की माणूस त्याबद्दल विचार करत नाही, हा एक तोटाच.

आता राग येण्यासारखं पुढचं सांगते.

काही वर्षांपूर्वी गावात पाणी अडवायचं वारं आलं. चांगलं वारं होतं. मी त्याला नावं ठेवणार नाही. उघड्याबोडक्या उतारावर चर काढले तर पाणी मुरतं, हे खरंच आहे, आणि आसपासच्या कितीतरी गावांचं त्यानं भलं झालंय. आमच्या गावातही पहाटे उठून माणसं कुदळी घेऊन निघाली, एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणारे चुलतभाऊ एका घमेल्याला दोन बाजूंनी धरून उभे राहिले. मी इथून शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते. म्हणजे झाल्या प्रकारात लाडवांपुरती मीही सामील आहे.

मग गावाला माती खणायच्या यंत्राचे तास मिळाले. यंत्र आलंय, तास मोजून मिळालेत, ते वाया घालवायचे नाहीत. पण यंत्र घालायचं कुठं? उघड्या उतारांवर कुणाची मटकी होती, कुणाचं हुलगं. पीक मोडायला कोण तयार होणार? सगळ्या शिवारात पीक नसलेली, कुणाचं लगेच नुकसान न होणारी, रिकामी दिसणारी जागा एकच. कुरण!

जी टेकडी आधीच पाण्याचा थेंब खाली जाऊ देत नव्हती, तिच्यावर पाणी अडवायला यंत्र चढवलं. गवताची कातडी सोलली. माती तिथं हातभर, खाली मुरूम. ते सगळं उकरून कडेला ढीग लावले. वर पाटी लागली, फोटो निघाले, पेढे वाटले. पुढच्या पावसाळ्यात एका मोठ्या सरीत ते ढीग ओढ्यात उतरले, ओढ्यातून डोणीवर आले, आणि डोण गाळानं भरली. पाणी अडवण्याच्या कामानं झरा बुजणारं गाव दुसरं असेल तर मला कळवा. मी त्यांच्याशी सोयरीक करीन.

पण खरा घात पुढचा. एकदा कुरण मोडलं म्हटल्यावर त्याचा धाक गेला. "तसंबी मोडलंच हाय" हे वाक्य माझ्या माहेरच्या वेशीवर दगडात कोरून ठेवायला पाहिजे. भावकीनं टेकडी वाटून घेतली. एकानं सपाट करून डाळिंब लावलं, दुसऱ्यानं द्राक्षं, तिसऱ्यानं मुरूम विकला. प्रत्येकानं बोअर मारली, आणि बोअरचं पाणी साठवायला शेततळी काढली. तळाला प्लास्टिक. म्हणजे जमिनीच्या पोटात गार, झाकलेलं असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात वाळत घालायचं! आम्ही पापड असे घालतो.

राहिला आबांचा एक पट्टा. झऱ्याच्या बरोबर वरचा. आबांनी तो मोडू दिला नाही. ते काही दूरदृष्टीचे वगैरे नव्हते. त्यांना फक्त नवीन काही आवडायचं नाही. घरात मोबाइलही त्यांनी घेऊ दिला नव्हता. पण त्या हट्टानं पट्टा वाचला, आणि डोणीतला गाळ उपसल्यावर पट्ट्यानं झराही पुन्हा चालू केला. आता तो पाडव्यापर्यंत टिकत नाही, संक्रांतीला मान टाकतो. पण तोवर नानीची डझनभर मेंढरं त्याच्यावर जगतात. नानीचा मुलगा फौजेत, सून त्याच्याबरोबर फिरतीवर. नानी एकटी, पट्ट्याच्या पायथ्याला. गवत आणि झरा गेला तर मेंढरं विकायची, आणि मेंढरं विकली तर नानीनं तिथं राहून करायचं काय? म्हणून बापूचा तो प्रश्न, "गवत कोन खातंय?", मला रात्रभर चावला.

राग एका जागी थांबत नाही, हा त्याचा वाईट गुण. त्या रात्री मला मेढ्याची आठवण झाली. ह्यांच्या एका मित्रानं मेढ्याच्या वरच्या अंगाला, पश्चिमेकडच्या त्याच डोंगरांत, प्लॉट घेतला, तो दाखवायला आम्हाला नेलं होतं. तिकडचा पाऊस म्हणजे आमच्या माळाच्या वर्षभराचा पाऊस आठवड्यात. अशा ठिकाणी डोंगराचा उतार पावाच्या लादीसारखा कापून ठेवलेला. झाडी गेलेली, रस्ता चरचरीत लाल, आणि कडेच्या गटारातून चहासारखं पाणी धावतंय. मित्र दोन्ही हात पसरून म्हणाले, "वहिनी, व्ह्यू बघा!"

मी म्हटलं, "बघायला इथवर कशाला यायचं? तुमचा व्ह्यू पावसाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावर येतो."

परतीच्या वाटेवर हे साताऱ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि आपलं घर कुठं आहे गं?"

हा माणूस कमी बोलतो ते बरं आहे. आमचं घर ज्या कॉलनीत आहे तिथं आधी मळा होता, आणि त्याही आधी नदीला पसरायची जागा. ट्रकांनी मुरूम टाकून ती उंच केली, तिला एका फुलाचं नाव दिलं, आणि आम्ही पेढे घेऊन राहायला आलो. तो मुरूम कुठल्या टेकडीचा होता कुणी विचारलं नाही. कदाचित माझ्याच माहेरचा असेल. वर डोंगर कापणारे, मधे कुरण सोलणारे आणि खाली नदीच्या अंथरुणावर घर बांधून 'नदी घरात शिरली' म्हणून ओरडणारे. आम्ही सगळे एकाच पाण्याचे नातेवाईक. आणि नातेवाइकांवरच माणूस मनापासून चिडू शकतो.

शनिवारी मी विट्यामार्गे गावी गेले. बापू स्टँडवर मोटारसायकल घेऊन आला होता. मला मागे बसवून सरळ टेकडीवरच घेऊन गेला, चहासुद्धा नाही. पट्ट्यावर गवत कमरेएवढं, पिवळं व्हायला लागलेलं. त्याच्या मधोमध पांढऱ्या फक्कीच्या चार रेघा आणि कोपऱ्याला खुंट्या. शेततळ्याची आखणी. जिवंत माणसाला आडवं घालून मोजमाप घ्यावं तसं वाटलं.

बापूनं मोबाइलवर एक नकाशा काढला. कुणीतरी कुठूनतरी वरून घेतलेला, रंगवलेला. "बग आक्का. हिरवं हाय ती फळबाग. निळी ती तळी. आन ह्यो आपला पट्टा."

पट्टा फिकट पिवळा होता. रंगाचा अर्थ कोपऱ्यात लिहिला होता: पडीक.

"पडीक?" मी म्हटलं. "बापू, आपण कुठं उभे हाय आत्ता?"

"कुरणात."

"तुझ्या गुडघ्याला काय लागतंय?"

"आक्का, सरकारी शब्द हाय त्यो. शब्दावर काय भांडतीस?"

नकाशात तळं निळं दाखवतात, हे मला मान्य आहे. पाणी दिसतं, मोजता येतं. पण गवताखाली जे मुरलंय, जे पुढच्या चार महिन्यांत कपारीतून येणार आहे, ते कुठल्या रंगात दाखवणार? ते दिसत नाही म्हणून ते नाही, आणि गवत विकत नाही म्हणून जमीन पडीक. ज्यांनी कुणी हा रंग भरला त्यांना एकदा त्या पट्ट्यात अनवाणी चालवायला पाहिजे. कुसळी आपोआप शिकवील.

मी सही देणार नाही म्हणून सांगितलं. बापूनं वाद घातला नाही. मला डाळिंबाच्या बागेत घेऊन गेला. झाडं कळ्यांवर आलेली, पानं मात्र मरगळलेली. "बोअर फुसफुसतीया," तो म्हणाला. "आठ-धा दिसांत ह्यास्नी पाणी न्हाई दिलं तर कळ्या गळत्याल. तुझं खरं असंल गं. पर ह्या झाडांच्या तोंडाकडं बगून बोल. तू सांगलीत नळाखाली बादली लावतीस. मी काय लावू?"

रागाचं हेच वाईट: समोरचा गाढव असला की सोपं जातं, समोरचा आपला भाऊ असला आणि त्याची झाडं खरोखर तहानलेली असली की अवघड जातं. मी एवढंच म्हणाले, "तळं काढलंस तरी ते भरायला पाणी त्याच बोअरचं ना? का दुसरं हाय?" तो तरातरा मोटारसायकलीकडे गेला आणि मला तिथंच ठेवून निघून गेला.

मी चालत नानीकडे आले. मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस आपल्या बाजूनं आहे. नानी दारात लोकर पिंजत बसली होती. मी सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. तिनं ऐकलं आणि लोकर खाली ठेवली.

"झालं? आलीस, भांडलीस, आता एस्टीत बसून जाशील. हिथं त्येच्या दारातनं पाणी कोन आणतंय संक्रांतीनंतर? मी. आजारी पडले तर मोटारसायकलीवर कोन नेतंय? त्यो. तुझ्या सहीपायी त्यो माज्याशी बोलायचा बंद झाला, तर मी काय तुझ्या सांगलीत येऊन त्या बागंतलं गवत कापू?"

"नानी, मी तुमच्यासाठीच..."

"माज्यासाठी काय करू नगंस गं बाई. लय उपकार."

मी आत जाऊन स्वतःच चहा केला. रागानं साखर विसरले आणि रागानंच तसाच प्यायले. बाहेर आले तर नानी नाही, वाघर रिकामी. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. वर बघते तर नानीची सगळी मेंढरं पट्ट्यात शिरलेली, आणि नानी काठी टेकून वर बसलेली.

मी खालूनच ओरडले, "नानी! अवो नानी! उद्या मोकळं व्हायचंय! आज कशी सोडली?"

वरून शांतपणे आवाज आला, "तू सही देनार न्हाईस, त्यो खणल्याबिगर ऱ्हानार न्हाई. तुमचं मिटंपतूर वाळून जाईल. खाऊ द्या माज्या लेकरांना!"

मग मी पळाले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. माझं वजन, माझे गुडघे आणि शहरातल्या चपला धरून ते दृश्य कुणी बघितलं असेल तर त्याचा दिवस बरा गेला असेल. मी हाऽऽ हाऽऽ करत पट्ट्यात शिरले, एक चप्पल गेली, पदर कुसळींनी भरला. जिच्यासाठी कुरण वाचवायला आले होते तिचीच मेंढरं हाकलत होते आणि तिलाच बोल लावत होते, "लाज वाटत न्हाई का नानी या वयात!" आणि नानी उठून उभी राहून मला म्हणत होती, "माज्या मेंढीला हात लावलास तर बग!" मेंढरं शहाणी. ती माझ्याकडे ढुंकून न बघता खात होती. एकीला ढकललं तर ती दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा खायला लागली.

तेवढ्यात वरच्या अंगानं शीळ ऐकू आली. लांब, वाकडी, आबांसारखी. बापू. मोटारसायकल बांधावर आडवी टाकून तो उतारानं धावत येत होता आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "नानेऽऽ! कुरण मोकळं झालं न्हाई आजून! काढ भाईर! काढ म्हंतो!"

मी थांबले. दम लागला होता म्हणूनही थांबले, पण त्या ओरडण्यानंही. हा तोच माणूस, जो या पट्ट्यावर तळं खणणार होता. खुंट्या त्याच्याच होत्या. आणि एक दिवस आधी मेंढरं शिरली म्हणून त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यानं वरून वळवलं, मी खालून. दोन शिळांत मेंढरं मुकाट्यानं उतरली, नानी त्यांच्या मागून शिव्या देत. फक्कीची एक रेघ त्या धावपळीत खुरांखाली पुसली गेली. कुणी मुद्दाम पुसली नाही.

आम्ही दोघं गवतात बसलो. बापूनं माझी चप्पल शोधून आणली आणि समोर ठेवली.

"हसतीस कशाला?" तो म्हणाला.

"पडीक जमिनीत मेंढरं शिरली म्हणून एवढा पळालास?"

त्यानं गवताची काडी तोडली, चावली. "सवय हाय," म्हणाला. "आबांनी मारलंय ह्येच्यापायी." मग म्हणाला, "झाडांचं काय करू, ते सांग."

"मला म्हाईत न्हाई."

"मग सही तर दे."

"न्हाई."

"आबावर गेलीयास."

"जाऊ दे."

तो उठला, पँट झटकली. "यंदा न्हाई खणत. निम्मी बाग सोडून देतो, राहील त्येवढी राहील. पर कळ्या गळाल्या तर तुझं नाव घेऊन शिव्या देनार. फुडल्या सालचं फुडल्या साली बगू."

"फुडल्या साली बी न्हाई."

"मग भांडाय ये. आन गवत कोन कापनार? माज्याकडं माणसं न्हाईत."

"मी कापीन," मी म्हणाले. रागात माणूस काहीही बोलतो.

रविवारी कुरण मोकळं झालं. मुंडासं पसरायची गरज नव्हती. एकच पट्टा आणि आम्ही तिघं. नानी माझ्याशी बोलली नाही, पण दुपारी भाकरी माझ्यासाठीही आणली होती, आणि माझी पेंढी बघून ती सोडून पुन्हा बांधली. संध्याकाळी मी झऱ्याच्या डोणीत हात घातले. पाणी इतकं गार होतं, की मला पुन्हा सगळ्यांचा राग आला.

सांगलीला येऊन आठवडा झाला. आमचे हे लोकांना सांगत सुटलेत, की हिनं टेकडी कापली. निम्मी कळी गळाल्याचा फोन येऊन गेला. शिव्या कबूल केल्याप्रमाणे मिळाल्या, आणि मी त्या मुकाट्यानं ऐकल्या, कारण त्या खऱ्या आहेत. फोनच्या शेवटी बापूनं सहीचं पुन्हा विचारलं. माझा उजवा हात मनगटापर्यंत सुजलाय, हा मजकूरही मी डाव्या हाताच्या एका बोटानं लिहितेय. करायची म्हटली तरी सही जमणार नाही, असं मी त्याला कळवलं. सूज उतरल्यावरही उत्तर तेच असेल, हेही कळवलं.